३६ फुटी फिफ्थ व्हील, डॅलस ते यलोस्टोन : कामाच्या नोंदी

फिफ्थ व्हील म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर. हा ट्रेलर बंपरला अडकवत नाहीत. ट्रकच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर हिच (जोडणीचा सांगाडा) बसवतात आणि ट्रेलरचं नाक त्यात येऊन बसतं. त्यामुळे तो कमी डुलतो, पण नाकाचं वजनही ट्रकलाच पेलावं लागतं. खालच्या बहुतेक नोंदी या पेलण्याच्याच आहेत. वजनं पौंडांत, किमती डॉलरमध्ये, वेग ताशी मैलांत, तापमान फॅरनहाइटमध्ये. १,००० पौंड म्हणजे साधारण ४५४ किलो.

१३ जानेवारी २०२४, डॅलस

ट्रेलर पसंत पडला. २०१९ चा, ३६ फुटी, दोन ॲक्सल, तीन स्लाइड (बाहेर सरकणारे खोल्यांचे भाग). सौदा ३८,५०० ला ठरला. प्लेटवर कमाल मान्य वजन १५,०००.

विक्रेत्याने आमचा पाऊण टनी डिझेल ट्रक लांबूनच पाहिला आणि म्हणाला, हा १८,००० ओढतो, डोळे झाकून न्या. ओढेलही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा स्टिकर असतो, तो त्याने वाचला नव्हता. त्यावर माणसं आणि सामान मिळून २,१६० लिहिलंय. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा किंगपिनवर (नाकाखालची जाड पिन, जी हिचमध्ये अडकते) येतो, म्हणजे पूर्ण भरल्यावर ३,०००. हिच १८०, मंजू आणि मी ३२०. साडेतीन हजार झाले आणि अजून हौद्यात पाना-जॅकही टाकलेला नाही.

ब्रोशरमध्ये पिनवजन २,४०० छापलंय, ते कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं. शिवाय सामानाचा मोठा कप्पा नाकाखालीच असतो. त्यात टाकलेली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक पाण्याचा पाइप जवळजवळ थेट ट्रकवर बसतो.

विसार दिला, ट्रेलर तिथेच ठेवला.

३ फेब्रुवारी

ट्रकच्या मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या एअरबॅग (हवेच्या पिशव्या) बसवा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. एअरबॅगने बसलेली शेपटी वर येते, ॲक्सल आणि चाकं तीच राहतात, स्टिकरवरचा आकडाही तोच. तो विषय बंद केला.

जुना ट्रक देऊन २०२१ चा एक टनी डुअली घेतला : मागे चार चाकं, आठ फुटी हौदा. वर २६,५०० मोजावे लागले. ट्रेलर सोडला तर या प्रकल्पातला सगळ्यात मोठा आकडा हाच, आणि ट्रेलर बघायला जायच्या आधी पिवळा स्टिकर वाचला असता तर छोटा ट्रेलर घेऊन तो टळला असता. नव्या स्टिकरवर ५,२९०.

हौद्याच्या लांबीवर घरात वाद झाला. साडेसहा फुटी हौदा पार्किंगला बरा पडतो, पण काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेपर्यंत येऊ शकतो. त्यासाठी सरकती हिच मिळते, ती महाग आणि जड. जड म्हणजे पुन्हा पेलोडमधून (ट्रक पेलू शकतो त्या वजनातून) वजा. आठ फुटीच घेतला. आता किराणा दुकानात गाडी सगळ्यात लांब लावून चालत यावं लागतं.

१७ फेब्रुवारी

लायसन्सचं लचांड. ट्रकचं कमाल मान्य वजन १४,०००, ट्रेलरचं १५,०००, बेरीज २९,०००. टेक्ससमध्ये बेरीज २६,००० च्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर गेला की घरगुती वापरालाही क्लास ए, म्हणजे जड जोडणीचं लायसन्स लागतं, बिगर-व्यावसायिक. गंमत म्हणजे जुन्या ट्रकबरोबर बेरीज २५,००० होत होती. जो ट्रक हे वजन पेलू शकत नव्हता, त्याला साधं लायसन्स चाललं असतं.

लेखी परीक्षा सोपी आहे, पण पुस्तक वाचून जा. चालवण्याची परीक्षा आपल्याच जोडणीवर द्यावी लागते आणि तिथपर्यंत नेताना शेजारी क्लास एवाला बसलेला लागतो. आमच्या गल्लीतले निवृत्त ट्रकचालक यायला तयार झाले. मोबदल्यात त्यांनी पुरणपोळ्या मागितल्या. तारीख मार्चमधली मिळाली. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, ट्रेलर घ्यायच्या आधी आपल्या राज्याचे बघा.

२ मार्च

हिच बसवली (१,४५०, मजुरीसह). पहिली जोडणी.

ट्रेलरचे पुढचे पाय उतरवून नाक वर घ्यायचं, ट्रक मागे घ्यायचा, किंगपिन हिचच्या जबड्यात शिरली की खटका बसतो. खटका ऐकू आला, दांडाही जागेवर गेला. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, झालं, निघा. मंजूने हौद्यात वाकून टॉर्च मारला आणि म्हणाली, “अरे, मला पिनची मान दिसतेय. दिसायला हवी का?”

नको. किंगपिनच्या टोकाला जाड कडा असते आणि तिच्या वर बारीक मान. जबड्याने मान पकडायची असते. नाक इंचभर जास्त उंच राहिल्याने जबडा फक्त खालच्या कडेला चावला होता. तसंच निघालो असतो तर पहिल्या खड्ड्यात पिन सुटून ट्रेलरचं नाक हौद्याच्या कडांवर आदळलं असतं. असे चेपलेले हौदे आर.व्ही. पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या तळावर, हमखास दिसतात.

आता क्रम ठरलाय. नाक एवढंच उंच ठेवायचं की हिचची प्लेट ट्रेलरखाली घासतच आत जाईल. खटक्यावर विश्वास नाही, टॉर्च मारून मान बघायची. मग सात पिनांची वायर आणि आणीबाणीच्या ब्रेकची दोरी. ट्रेलरचे पाय जमिनीपासून अर्धा इंचच उचलायचे, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक हलकेच पुढे ओढून बघायचा. पिन सुटलीच तर ट्रेलर अर्धा इंच खाली बसेल, हौदा वाचेल. त्यानंतरच पाय पूर्ण वर.

१० मार्च

रविवारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, प्रार्थना संपल्यावर, रिव्हर्सची तालीम.

गावाकडे वाळव्याला चुलतभाऊ गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या लावतो आणि कारखान्याच्या आवारात त्या मागे घेतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “एकच ट्रॉली हाय की रं. मोठ्ठी हाय एवढंच. स्टेरिंग कमी फिरव, तिला टाइम दे.”

तेच खरं ठरलं. फिफ्थ व्हीलचा सांधा मागच्या ॲक्सलवर असल्याने तो उशिरा वळतो, आणि एकदा वळला की वळतच जातो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा. बिघडलं की पुढे जाऊन सरळ करायचं, मागे घेत-घेत सुधारायला जायचं नाही. मंजू फोनवरून दिशा देते आणि “डावीकडे” म्हणजे ट्रेलरची शेपटी डावीकडे, हे आधीच ठरवून घेतलंय. ते ठरवण्याआधी आमचं जे संभाषण झालं ते इथे लिहीत नाही.

२३ मार्च

काटा केला. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, तीन प्लेटींचा : स्टिअर (ट्रकची पुढची चाकं), ड्राइव्ह (मागची) आणि ट्रेलर. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च, फेरवजन थोडक्यात होतं. टाकी फुल, दोघं गाडीत, ट्रेलर प्रवासाला भरतो तसा भरलेला.

नुसता ट्रक : स्टिअर ५,१२०, ड्राइव्ह ४,१८०, एकूण ९,३००.
जोडून : स्टिअर ५,०८०, ड्राइव्ह ७,२४०, ट्रेलरचे ॲक्सल ११,१४०.

जोडल्यावर ट्रक १२,३२० चा झाला, म्हणजे पिनवजन ३,०२०. ट्रेलर एकूण १४,१६०, त्याच्या २१ टक्के पिनवर. ब्रोशरच्या २,४०० पेक्षा सहाशेहून जास्त. जुन्या ट्रकचा सगळा पेलोड एकट्या पिनने खाल्ला असता आणि वर साडेआठशे उरले असते.

डुअली उंच असल्याने ट्रेलर नाक वर करून चालतोय, हेही लक्षात आलं. असं चाललं की ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार येतो. हिच एक भोक खाली घेतली. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचं पोट यांत सहा इंच उरले, ते पुरतात. मग छतावरच्या एसीच्या टोकापर्यंत टेपने उंची मोजली : १३ फूट २ इंच. ती चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवली.

१३ एप्रिल, रे रॉबर्ट्स तलाव

८ तारखेच्या खग्रास ग्रहणाने डॅलसच्या आसपास जागा मिळेना, म्हणून सरावाची सहल आठवडाभर लांबली.

पंचवीस डॉलरचं इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलंय. थांबलो की ट्रेलरच्या ब्रेकचे चारही ड्रम मोजायचे. तीन ड्रम १४० ते १५० फॅरनहाइट निघाले, उजवीकडचा मागचा फक्त ८८. गरम हब म्हणजे बेअरिंग गेलं, हे सगळ्यांना माहीत असतं. थंड ड्रमकडे मीही दुर्लक्षच करणार होतो. पण ब्रेक लागला की ड्रम तापायलाच हवा. हा तापत नव्हता, म्हणजे ब्रेक लागतच नव्हता.

घरी आणून ड्रम उघडला. आत काळं-निळं ग्रीस, ब्रेक शू त्यात न्हालेले. या ॲक्सलच्या टोकाला रबरी टोपी काढून ग्रीस भरायची सोय असते. चाक हवेत उचलून, हाताने फिरवत, सावकाश पंप करायचं असतं. आधी कुणीतरी चाक न फिरवता दणादण पंप केलं, मागचं सील फुटलं आणि ग्रीस थेट ब्रेकवर. विक्रीच्या पावतीवर “बेअरिंग सर्व्हिस केली” असं लिहिलेलं आहेच.

ग्रीस प्यायलेले शू धुऊन उपयोग नाही, रात्रभर भिजवले तरी गरम झाल्यावर पुन्हा ओकतात. प्लेटसकट तयार जोड येतो, ११० ला एक. एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक जुना ब्रेक नको म्हणून दोन्ही बाजूंना बसवले. सील ८ ला एक. बेअरिंग पेट्रोलने न धुता रॉकेलसारख्या सॉल्व्हंटने धुतले, हाताने ग्रीस भरलं. शनिवार-रविवार गेला. पुढचा ॲक्सल उघडून पाहिला, तिथे सील शाबूत. त्या टोपीतून आता ग्रीस भरायचं नाही, वर्षातून एकदा उघडूनच.

१ जून, चिल्ड्रेस, टेक्सस

यलोस्टोन नॅशनल पार्ककडे निघालो. यू.एस. २८७ महामार्गाने वायव्येला. दुपारी पारा ९८, वेग ६५.

चिल्ड्रेसच्या अलीकडे टायरच्या दाबाचा मॉनिटर किंचाळला आणि आरशात रबराच्या चिंध्या उडताना दिसल्या. उजवा मागचा. ट्रेलर जराही डगमगला नाही, मॉनिटर नसता तर दुसरा टायर जाईपर्यंत कळलं नसतं.

टायरवर १५१९ हा आकडा होता, म्हणजे २०१९ चा पंधरावा आठवडा. ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांत बदलतात, नक्षी कितीही कोरी दिसो. जानेवारीत आकडा वाचला होता आणि कोलोरॅडोत बदलू म्हणून पुढे ढकललं होतं. दर टायरवर २,८०० च्या आसपास वजन आणि लोड रेंज ई (टायरच्या ताकदीची श्रेणी) टायरची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास. कागदावर पुरेसं होतं. पाच वर्षं उन्हात उभा राहिलेला टायर कागद वाचत नाही.

ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावायचा नाही, ती वाकते. आम्ही जॅक वापरलाच नाही. त्याच बाजूचा चांगला टायर लाकडी फळ्यांच्या उतरंडीवर चढवला की फुटलेला आपोआप अधांतरी होतो. स्टेपनी चढवली. फुटलेल्या टायरने चाकावरचं प्लास्टिक फाडलं आणि ब्रेकची वायर तोडली होती. वायर रस्त्याकडेलाच जोडली, प्लास्टिक टेपने बांधलं. शेजारून मोठे ट्रक जाताना ट्रेलर हलतो आणि पोटात गोळा येतो. तीन तास गेले.

३ जून, ॲमरिलो

स्टेपनीसकट पाचही टायर लोड रेंज जी घेतले. बसवून १,१९०. यात ११० पीएसआय हवा भरतात, त्यामुळे आधी रिमच्या पाठीवरचा ठसा वाचा. रिम ८० चीच असेल तर हे टायर चालत नाहीत. आमच्या ११० च्या निघाल्या.

नट १२० फूट-पौंडांनी आवळले. मग १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा टॉर्क रेंच. २५ मैलांवर दोन नट थोडे फिरले. दुकानदाराने “आमच्याकडे गरज पडत नाही” असं सांगितलं होतं.

५ जून, रॅटन घाट

डमस, डॅलहार्ट, क्लेटनवरून रॅटन. तिथून आय-२५ ने ७,८३४ फुटांवर चढून कोलोरॅडोत ट्रिनिडॅडला उतार. चढ काहीच नाही, डिझेल निवांत चढतं.

ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे खंबाटकीतल्या ड्रायव्हर लोकांचं सूत्र इथेही लागू. माथ्यावरच टो-हॉल मोड (ओढताना खालचा गिअर धरून ठेवणारा) आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनानेच वेग रोखणारा) चालू केला, ४५ ला उतरायला लागलो. वेग ५० ला पोचला की ब्रेक चांगला दाबून ४० वर आणायचा आणि सोडून द्यायचा. पाय नुसता टेकवून ठेवला की ड्रम तापत राहतात. ट्रिनिडॅडला मोजलं : चारही ड्रम दहा अंशांच्या आत. त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला.

९ जून, शायान, वायोमिंग

अडकलो. व्हीटलंडच्या दक्षिणेला बोर्डोजवळ आय-२५ वर वाऱ्याचा पट्टा आहे. राज्याच्या रस्ते खात्याच्या ॲपवर “हलक्या, उंच वाहनांना बंदी”. आपण १४,००० चे, हलके कसे, असा प्रश्न मनात आला. पण ३६ फूट लांब, १३ फूट उंच भिंतीसाठी ते वजन हलकंच. शेजारच्या जागेवरचा एकजण निघाला आणि तासाभरात छतावरचा कापडी चांदवा गमावून परतला.

जास्तीच्या मुक्कामाचे रात्रीला ६०. मग आय-२५ सोडून यू.एस. ८५ ने टॉरिंग्टन, लस्कवरून पहाटे पाचला निघालो. वारा दहानंतर उठतो. समोरच्या वाऱ्यात गॅलनला दहाचे सात मैल होतात.

१४ जून, कस्टर, साउथ डकोटा

मागून कुरकुर यायची. खाली झोपून बघितलं तर स्प्रिंगच्या पाट्यांना जोडणाऱ्या शॅकलची (लोखंडी पट्ट्यांची) भोकं लंबगोल झालेली. कारखान्यातून नायलॉनची बुशिंग (भोकातल्या नळ्या) येतात, ती झिजली की बोल्ट थेट लोखंड खातो. स्प्रिंगचे पाटे सरकून ॲक्सल वाकडा बसतो आणि नवे टायर एका बाजूने झिजतात.

पार्कात दुरुस्तीला मनाई, म्हणून फिरता मेकॅनिक बोलावून शेजारच्या शेतात काम केलं. ब्राँझ बुशिंग, जाड शॅकल, ग्रीस भरता येणारे बोल्ट : किट १७५, मजुरी ४६०. बोल्टच्या डोक्याखाली दाते असतात. ते हातोडीने ठोकून बसवायचे, इम्पॅक्ट गनने बोल्ट फिरवला की दाते भोक खाऊन टाकतात आणि बोल्ट कायमचा सैल. मेकॅनिकने गन काढली तेव्हा मी अदबीने हातोडी पुढे केली. तो हसला, पण ठोकून बसवले.

नीडल्स हायवे आणि आयर्न माउंटन रोडवर ट्रेलर न्यायचा प्रश्नच नव्हता. पण नीडल्सचा बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आणि डुअली तेवढाच, वर आरसे. नुसता ट्रकही जात नाही. भाड्याची छोटी गाडी, ९५.

२१ जून, कोडी, वायोमिंग

बिगहॉर्न पर्वत ओलांडायला तीन रस्ते. यू.एस. १४ए वर दहा टक्क्यांचे उतार, नको. आम्ही बफेलोवरून यू.एस. १६ घेतला, ९,६६६ फुटांची पावडर रिव्हर खिंड, मग टेन स्लीपची दरी. उतार लांब आहे, पण वळणं रुंद. हिशेब रॅटनचाच, वेग ४०.

मूळ बेत यलोस्टोनमधून जॅक्सनला उतरून टेटन खिंडीने आयडाहोत जायचा होता. तिथेही दहा टक्के उतार, म्हणून मार्चमध्येच खोडला होता. ८ जूनला त्या खिंडीतला रस्ताच दरडीबरोबर खचला. ज्यांनी खोडला नव्हता त्यांचे फोन आर.व्ही. पार्कच्या कचेरीत दिवसभर चालू आहेत.

ट्रेलर कोडीतच ठेवला. यलोस्टोनचं पूर्वेचं प्रवेशद्वार इथून ५० मैलांवर आहे, सकाळी नुसता ट्रक घेऊन सिल्व्हन खिंडीतून आत. यलोस्टोनमध्ये जागा शोधत ६० फुटी वरात फिरवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आर.व्ही.वाल्यांत तीनचा नियम सांगतात : दिवसाला ३०० मैल, दुपारी तीनच्या आत मुक्काम, तीन रात्री थांबायचं. आमच्यासाठी २५० मैल.

नाकाखालच्या कप्प्यातलं सामान मागे हलवलं, न लागणारं दान केलं. पुन्हा काटा : पिनवजन २,८४०. पण पिन १९ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, शेपूट जड झालं की ट्रेलर ट्रकला हलवायला लागतो.

७ जुलै, डॅलस

विंड रिव्हर दरी, कॅस्परवरून परत. परतीत काही मोडलं नाही.

ट्रक-ट्रेलर सोडून खर्च : हिच १,४५०, ब्रेक आणि सील २५० च्या आसपास, टायर १,१९०, शॅकल ६३५, फाटलेलं प्लास्टिक आणि वायर २८०, डिझेल १,४०० च्या आसपास, मुक्काम १,९००. विम्याने टायरफुटीचं प्लास्टिक दिलं नाही, कापली जाणारी रक्कम जास्त होती.

बाकी कामं : पुढच्या ॲक्सलचे ब्रेक ऑगस्टमध्ये. हौद्यातल्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज धरलाय, तो साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (विजेच्या जोडांना ओलीपासून वाचवणारं). टायरवर कव्हर घातलीत. डाव्या-उजव्या चाकांचं वेगवेगळं वजन अजून केलेलं नाही. स्वयंपाकघराची स्लाइड डावीकडे आहे आणि डावे टायर उजव्यांपेक्षा पाच-सहा अंश जास्त तापतात, तेव्हा पुढच्या प्रवासाआधी तेच पहिलं.